न खाल्लेली साखर

ईशान, रेवा,

तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता हे मला माहीत आहे. तरी हे मराठीतच लिहिते आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, पण अंगात त्राण उरलं नाही तेव्हा तोंडातून जे शब्द आले ते मराठी होते. अडलं तर एकमेकांना विचारा. आईला विचारलंत तरी चालेल. तिनेही हे वाचायला हवंच आहे, पण आधी तुम्ही वाचा.

गेल्या हिवाळ्यात मी मंचरच्या दवाखान्यात होते. तुम्हाला तेव्हा एवढंच सांगितलं गेलं की आजी पडली, ताप आला, आता बरी आहे. मी पडले नव्हते. मी खाली बसले होते आणि मला उठता आलं नाही. पडणं हा अपघात असतो, तो एका क्षणात होतो. माझं जे झालं ते चार महिने रोज थोडं थोडं होत होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि सगळे त्याचं कौतुक करत होते.

परवा तुमच्या आईशी व्हिडिओवर बोलताना मी एक गोष्ट पाहिली. माझ्या घरात जे होऊन गेलं ते तुमच्या घरात सुरू झालं आहे, अशी भीती तेव्हापासून मनात बसली आहे. काय पाहिलं ते शेवटी सांगते. आधी माझी हकिकत वाचा, नाहीतर ते तुम्हाला दिसणारच नाही.

नेम

तुमचे आजोबा गेल्यानंतरचा तो पहिला चातुर्मास. शाळेत होते तोवर माझ्या दिवसाला घंटा होती. निवृत्तीनंतर आजोबांच्या औषधांच्या वेळा होत्या. ते गेल्यावर सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मध्ये काही उरलंच नाही. मला आखीव दिवस लागतो, हे तुमची आई चिडवून तुम्हाला सांगत असेलच. म्हणून मी माझ्या सासूबाई धरायच्या तो नेम धरला, आणि तो पुरता धरला.

तुम्हाला हे नवीन असेल. आषाढातल्या एकादशीपासून कार्तिकातल्या एकादशीपर्यंतचे चार महिने म्हणजे चातुर्मास. जुन्या रीतीप्रमाणे त्यात दर महिन्याला एकेक गोष्ट सोडायची. श्रावणात पालेभाजी. भाद्रपदात दही. आश्विनात दूध. कार्तिकात द्विदल, म्हणजे सगळ्या डाळी आणि कडधान्यं. शिवाय मी धारणं-पारणं धरलं. एक दिवस पूर्ण उपास, तो धारण्याचा. दुसऱ्या दिवशी एकदाच जेवायचं, ते पारणं.

आपलं घर माळकरी. अंडं, मटण, मासे कधीच नव्हते. म्हणजे माझ्या ताटात अंगाला धरेल असं जे होतं ते दही, दूध आणि डाळ. तो नेम एकेक महिना पुढे सरकला तसतसं ताटातून नेमकं तेच एकेक उठून गेलं, कारण एकदा सोडलेलं मी परत घेतलंच नाही. आज हे लिहिताना मला ते शाळेच्या फळ्यावरच्या ओळींसारखं स्पष्ट दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

सासूबाई हा नेम करायच्या तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या, दिवसभर शेतात राबत होत्या आणि त्यांना मधुमेह नव्हता. मला गोळ्या सुरू होऊन बरीच वर्षं झाली आहेत. गावातल्या डॉक्टरांना मी धारण्या-पारण्याबद्दल बोलले नाही. "पथ्य करते आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी वजनाचा काटा पाहिला आणि ते खूश झाले.

सुरुवातीला साखर खरंच उतरली. अंग हलकं वाटायला लागलं. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, शेजारच्याच घरात राहते. मी मास्तरीण होते म्हणून सगळं पिंपळवंडी मला "बाई" म्हणतं, तसं तीही म्हणते. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, लई बारीक झाल्या की! पोरीवानी दिसाया लागल्या. आता पावणं यायचं बघाया."

"येऊ देत की," मी म्हटलं, "पोहे मात्र तुम्ही करा. माझं धारणं आहे."

तुमच्या आईला फोनवर सांगितलं तर तिचा आवाज फुलला. "आई, इकडे लोक पैसे भरून हे शिकतात! फास्टिंगच आहे हे. तुम्ही लोक आधीपासून करत होता. मीपण सुरू करते."

ते वाक्य मी आनंदाने ऐकलं होतं. तिला तेव्हाच थांबवायला हवं होतं.

साखर कुठून येते?

आश्विनात एका सकाळी सुनीतामामीने बोटाला सुई टोचली. आदल्या दिवशी धारणं होतं. पाणी आणि बिनदुधाचा चहा याखेरीज पोटात काही नव्हतं. यंत्रावरचा आकडा पाहून ती म्हणाली, "आई, परत बघते. हात नीट पुसला नसेल."

परत पाहिलं. तेवढाच. जेवल्यानंतर असतो त्याहून थोडाच कमी.

पुढच्या धारण्यालाही तसंच. मग दर वेळी तसंच. खाल्लं काहीच नाही आणि रक्तात साखर आहे. ती येते कुठून?

अक्काने तर घरभर हाकाटी केली. "बाई, खरं सांगा. देव्हाऱ्यामागं पेढं दडवल्यात ना? मी न्हाई सांगायची कुनाला. मला बी एक द्या म्हंजी झालं."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दुपारी गुळाचा डबा नेहमीच्या जागी नव्हता. सुनीताने तो वरच्या फळीवर ठेवला होता, माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. ज्या घरात मी सगळ्यांच्या शिस्तीवर नजर ठेवली त्या घरात आता माझ्यावर नजर होती.

मला त्यावर एकच उत्तर सुचलं. साखर वाढते म्हणजे खाणं अजून जास्त होतंय. मी पारण्याच्या दिवशीची अर्धी भाकरीही कमी केली.

त्याच दिवसांत इतर गोष्टी होत होत्या. सांगण्यासारखी त्यातली एकही नव्हती. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तेव्हा मी बरणीला दोष दिला. हातातल्या बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत जायच्या. नारायणगावला एसटीत चढताना पहिली पायरी उंच वाटली आणि कंडक्टर म्हणाला, "आजी, द्या हात." याआधी मला कुणी हात मागितला नव्हता. देवळात भजनाला मांडी घालून बसले की उठताना अक्काच्या खांद्यावर हात जायचा. ती म्हणायची, "टेका टेका, खांदा घरचाच हाय." वय झालं, असं मी मनाशी म्हणायचे. वय हे फार सोयीचं उत्तर आहे. त्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

कपड्यांचा चिमटा

कार्तिक लागला होता. दिवाळी होऊन गेली होती आणि कांद्याची लावणी सुरू होती. संजूमामा बाहेरगावी कामाला, सुनीता बायका घेऊन लावणीला. घरी मी आणि टिपू कुत्रा. दोन दिवस मला थोडी कणकण होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती.

आपल्या घरामागे कपडे वाळत घालायची तार आहे आणि तारेच्या पलीकडे, वीसपंचवीस पावलांवर, ऊस. ईशान, तू लहान असताना त्या उसात लपायचास. आता तिथे कुणी पोराला जाऊ देत नाही. जुन्नर-आंबेगावात ऊस आहे तिथे बिबट्या आहे, असं धरूनच आम्ही चालतो. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली होती: दिवस मावळताना उसाजवळ वाकू नका, उकिडवं बसू नका. उभा माणूस त्याला मोठा दिसतो, तो बिचकतो. बसलेला माणूस शेळीएवढा दिसतो.

मला हे पाठ होतं. तरी कपडे काढताना एक चिमटा खाली पडला आणि मी तो उचलायला बसले. सत्तर वर्षांची सवय, बाकी काही नाही.

चिमटा उचलला. उठायला गेले.

पायांनी उत्तर दिलं नाही. दुखलं नाही, चक्कर आली नाही, डोळ्यांपुढे अंधार नाही. मन "ऊठ" म्हणालं आणि मांड्यांत ते ऐकणारं कुणी नव्हतं. परत जोर केला. जोर कशाचा करायचा तेच सापडेना. हात जमिनीला टेकून पाहिले, तर कोपरं थरथरली आणि मी एका कुशीवर कलंडले. पुन्हा कशीबशी बसती झाले. तारेचा खांब हातभर लांब होता. तेवढं अंतर मला सरकता येईना.

फोन घरात होता. सूर्य टेकडीआड गेला होता, उजेड अजून होता. मी हाक मारली. आवाज माझाच आहे असं वाटलं नाही.

टिपू माझ्याजवळ येऊन बसला. थोड्या वेळाने तो उभा राहिला, उसाकडे तोंड करून. मानेवरचे केस ताठ झाले. गुरगुरला. मग गुरगुरणं थांबलं, आणि तेच वाईट होतं. शेपूट पोटाखाली घेऊन तो मागे मागे सरकला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जाऊन बसला.

उसात वारा होता की आणखी काही, मला आजही माहीत नाही. मी पाहिलं काहीच नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की उभं राहायला हवं आणि मला उभं राहता येत नाही. हातात चिमटा होता. तो मी इतका घट्ट धरला होता की नंतर तळव्यावर त्याचे दात उमटलेले दिसले.

मग लांबून गाणं ऐकू आलं. लावणीच्या बायका संध्याकाळी परतताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात, जनावर लांब राहावं म्हणून. कुठलं तरी हिंदी सिनेमातलं धांगडधिंग्याचं गाणं होतं. एरवी मी त्यावर नाक मुरडलं असतं. त्या दिवशी वाटलं, अजून मोठ्याने वाजवा गं.

"बाई, अशा काय बसल्यात?" एक जण लांबूनच ओरडली. "उठा की! उसाच्या तोंडाला बसत्यात व्हय?"

"उठता येत नाही," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. सुनीताने मात्र माझं तोंड पाहिलं आणि हातातला कांद्याच्या रोपांचा भारा टाकून पळत आली. काखेत हात घालून तिने मला उचललं. उचलताना तिचा तोल मागे गेला, कारण तिने जोर जास्त लावला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुमच्यात काहीच राहिलं नाही हो."

मंचर

ताप लघवीच्या जंतुसंसर्गाचा निघाला. साखर फार चढलेली होती. सलाईन, सुया, इन्सुलिन. ते दोन दिवस मला धूसर आठवतात. नंतरचा दिवस स्पष्ट आठवतो.

डॉक्टर मॅडम घोडेगावकडच्या, सुनीताच्या वयाच्या. त्यांनी माझ्या मांडीला हात लावला, दाबून पाहिलं, दुसऱ्या मांडीला लावला. मग खाटेशेजारी एक खुर्ची ठेवून मला तिच्यात बसवलं.

"आजी, हाताची घडी घाला. छातीवर. आता उठून उभ्या राहा."

"ही काय परीक्षा आहे?"

"हो. आणि तुम्ही शिक्षिका होतात असं ऐकलंय. कॉपी करायची नाही, हात टेकायचा नाही."

मी हसत हसत प्रयत्न केला. शरीर जागचं हललंसुद्धा नाही. हसू कधी गेलं ते कळलं नाही. संजूमामा दाराशी उभा होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मग डॉक्टरांनी सुनीताला सगळं विचारलं, काय खातात, कधी खातात. सुनीताने धारणं, पारणं, दही, दूध, डाळ सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या.

"धारण्याच्या दिवशी साखर कुठून यायची, हे तुम्हाला कोडं पडलं होतं ना?" त्या मला म्हणाल्या. "इथून." आणि त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

तुम्ही शाळेत हे शिकला असाल, तरी मला जसं सांगितलं तसं सांगते. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात आणि प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. शरीर त्या साखळ्या रोज तोडतं आणि रोज नव्या जोडतं. जोडायला लागणारा माल डाळ, दूध, दही यांतून येतो. माल येणं थांबलं की तोडणं चालूच राहतं, जोडणं थांबतं. सुटी झालेली अमिनो आम्लं यकृतात जातात आणि यकृत त्यांची साखर करतं, कारण मेंदूला उपाशी ठेवून चालत नाही. निरोगी माणसात इन्सुलिन या तोडण्याला लगाम घालतं. माझा लगाम मधुमेहाने आधीच ढिला केलेला. त्यात वय. वयाबरोबर स्नायू आपणहून उतरत असतातच.

"चुलीला सरपण नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या, "तर तुम्ही घराचे वासे काढून जाळलेत."

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. जेवणातली बरीचशी साखर स्नायूच उचलून साठवतात. त्या म्हणाल्या, "कणग्याच मोडल्यात आजी, मग धान्य अंगणात सांडणारच." म्हणजे स्नायू गेले म्हणून पारण्याच्या दिवशी साखर चढायची. ती चढायची म्हणून मी अजून कमी खायचे. कमी खायचे म्हणून अजून स्नायू जायचे. मी साखरेवर उपाय म्हणून जे करत होते तेच साखर वाढवत होतं.

"परत येईल का?" संजूने विचारलं.

"काही येईल. सगळं येईल असं मी म्हणणार नाही. आता या अंथरुणात पडून राहिल्या तर उरलेलंही भराभर जाईल." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हा हिवाळा महत्त्वाचा आहे आजी. पाय आत्ता धरले नाहीत, तर पुढच्या वेळी तुम्हाला उचलून आणतील आणि उचलूनच नेतील."

असं तोंडावर कुणी बोललं की राग यावा. मला राग आला नाही. मला उसाजवळचा टिपू आठवला.

माडगं

त्या दिवसांत सगळ्यात जास्त कुणाला सोसावं लागलं असेल तर सुनीताला. तुमच्या आईने फोन करून तिला विचारलं, "तू घरात असताना हे होतंच कसं? आईला जेवायला कोण वाढतं?"

फोन स्पीकरवर होता. मी ऐकत होते.

"ताई, मी ताट पुढं ठेवू शकते," सुनीता म्हणाली. "घास कसा भरवू? आणि नेमाला नको म्हटलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, सून सासूच्या देवधर्मात येते."

त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. सकाळी फिनेलचा वास, फरशी पुसणं, बोटाला सुई, चहा. आजूबाजूच्या खाटांवर लोक घरून भाताची पेज आणत, आमच्याकडूनही पेजच आली होती. आजारी माणसाला हलकं द्यायचं, डाळ जड पडते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. डॉक्टरांनी डबा उघडून पाहिला आणि बंद केला. "हे परत आणू नका." रक्त तपासून, मूत्रपिंडं ठीक आहेत याची खात्री करून त्यांनी सांगितलं, दोन्ही वेळा डाळ किंवा कडधान्य, दूध, दही, पनीर. अंडं विचारलं. मी माळेला हात लावला. त्यांनी पुढे विचारलं नाही.

पण कार्तिक चालू होता. एकादशीला थोडेच दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी सुनीता मोटरसायकलवर मामामागे बसून थर्मास घेऊन आली. हुलग्याचं माडगं. हुलग्याचं पीठ पातळ शिजवून वर लसूण-जिऱ्याची फोडणी. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अक्का मला बघायला आली होती, खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

"आगं, हुलगं द्विदल हाय," ती म्हणाली. "एवढं चार म्हैनं पाळलं बाईंनी. आता शेंड्याला आल्यावर मोडायचं व्हय?"

सुनीताने थर्मासचं झाकण घट्ट धरलं. तिचे डोळे भरले होते. ती अक्काशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. "आई, त्या दिवशी तुम्हाला उचललं तेव्हा मला वाटलं मी रिकामं पोतं उचललं. देवाला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवू दे."

अक्का पदराशी चाळा करत राहिली. मग तिनेच पेला पुढे केला. "वत," ती म्हणाली. "मोडल्याला नेम पुढल्या साली जोडता यील. बाई कुठनं जोडायच्या?"

मी माडगं प्यायले. गरम होतं, जीभ पोळली. मला रडू आलं ते आम्ही तिघींनीही पोळल्यामुळे आलं असं धरून घेतलं.

खुर्ची

दवाखान्यात एक जुन्नरची मुलगी व्यायाम करून घ्यायला यायची. पहिल्या दिवशी नुसतं खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलं, तेवढ्याने मला धाप लागली. नंतर खुर्ची. उठायचं, बसायचं. बसतानाही धपकन नाही, सावकाश. "आजी, बसताना जास्त काम होतं," ती म्हणायची. मला ते खोटं वाटायचं, मांड्यांना खरं वाटायचं.

घरी आल्यावर आजोबांची लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवली. सकाळी आणि संध्याकाळी तिच्यातून उठायचं. काही दिवस सुनीता पुढे उभी राहून हात द्यायची, मग नुसता हात पुढे धरायची, मग लांब उभी राहून दळण निवडायची आणि न बघितल्यासारखं करायची. हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन उचलायच्या. ताटात आधी उसळ किंवा घट्ट वरण, मग भाकरी. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, मटकी, दही. अक्का रविवारी मासवडी करून आणायची आणि समोर बसून ती संपेपर्यंत हलायची नाही. मासवडीत मासा नसतो, रेवा. बेसनाच्या आवरणात तीळ, शेंगदाणे, खोबरं.

काही सकाळी पाय उचलले जायचे, काही सकाळी नाही. ज्या सकाळी नाही, त्या दिवशी मी दिवसभर कुणाशी बोलायचे नाही. घरामागच्या तारेकडे मी माघ संपेपर्यंत गेले नाही.

आता मी हाताची घडी घालून खुर्चीतून उठते. जमिनीवरून उठताना एक गुडघा टेकून खाटेचा आधार घ्यावा लागतो, आणि डॉक्टर म्हणतात तो बहुधा कायमचा लागेल. धारणं-पारणं यंदा नाही. उपाशीपोटीची साखर पुष्कळ उतरली आहे, खाणं वाढवूनसुद्धा. पण मी निर्धास्त नाही. ताप येऊन चार दिवस पडून राहिले तरी महिन्यांची कमाई जाते, हे मला आता माहीत आहे. जे एकदा गुपचूप आत आलं होतं ते वाट विसरलेलं नसतं.

परवा

आता तुमच्या आईचं.

तिलाही मागच्या वर्षी साखर निघाली, हे तुम्हाला माहीत असेल. परवा ती फार खुशीत होती. उभी राहून नवी पँट दाखवली, कंबरेत बोटं घालून ती किती सैल झाली तेही दाखवलं. म्हणाली, रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळचंही बंद केलं. दुपारी एकदा सॅलड. दुधाने पोट फुगतं म्हणून दूध सोडलं. डाळ शिजवायला वेळ कुणाला आहे? मग हसून म्हणाली, "एकच गंमत कळत नाही आई. काही न खाता सकाळची साखर वाढलेलीच येते. हा म्हणतो, मी फ्रिज उघडून चोरून खाते."

मी काही बोलणार तेवढ्यात तुमच्या दारावरची घंटा वाजली. ती उठली. उठताना तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकले, थोडी पुढे वाकली, थांबली, आणि मग उठली.

ती थांबली ते तिला कळलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं असेल असंही वाटत नाही. चाळिशीतल्या बाईला टेबल लागत नाही, मुलांनो.

त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुझं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच होणार आहे का?" तिचं म्हणणं चूक नाही. मी डॉक्टर नाही आणि मला चुकायला आवडेल. माझी पाहण्यात चूक झाली असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे.

रविवारी सगळे घरी असाल तेव्हा आईला तुमच्या जेवणाच्या टेबलाजवळच्या साध्या खुर्चीत बसवा. आजीचा खेळ आहे म्हणा. हाताची घडी छातीवर घालायला सांगा आणि उठायला सांगा. पुन्हा बसायला, पुन्हा उठायला. ती हसेल, चेष्टा करेल. मीही हसले होते. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघू नका. तिच्या हातांकडे बघा.

घडी सुटली नाही, तर मला काहीही कळवू नका. मी समजून जाईन आणि आईची माफी मागेन.

सुटली, तर आधी मला फोन करा आणि मग तिला डॉक्टरांकडे न्या. मी खुर्चीत बसलेली असेन. फोन मी मुद्दाम समोरच्या कोनाड्यात ठेवणार आहे. घंटा वाजली की उठून घेईन.

तुमची आजी